‘सापडत नाही’ म्हणजे ‘नाही’ नव्हे : एक्स्टेन्शन मेथड आणि कंपायलरचा शोध

प्रस्तुत लेखाचा विषय पाहून वाचकांना थोडे नवल वाटेल, याची मला कल्पना आहे. मी मराठी साहित्याची अध्यापक आहे; संगणकशास्त्राची नाही. परंतु इंदूरमधल्या आमच्या महाविद्यालयात भाषा म्हणून मराठी घेणाऱ्यांत संगणकशास्त्राचे विद्यार्थी बरेच असतात. त्यांच्यापैकी तिघांनी छंदःशास्त्राच्या अभ्यासासाठी एक लहानसे मोबाइल ॲप करायला घेतले. ओळ टंकली की तिची लघु-गुरू मांडणी दिसावी आणि मात्रा मोजून मिळाव्यात, एवढीच अपेक्षा होती. छंदःशास्त्राचे नियम सांगायचे काम माझे आणि प्रोग्राम लिहायचे काम त्यांचे, अशी वाटणी ठरली. ती टिकली नाही. एका दुपारी त्यांच्यातली एक विद्यार्थिनी लॅपटॉप घेऊन विभागात आली आणि म्हणाली, “मॅडम, मराठी नावं काढून टाकावी लागतील. कंपायलरला मराठी कळत नाही.”

पडद्यावर तांबड्या अधोरेखेखाली संदेश होता. त्याचा आशय असा : स्ट्रिंग या प्रकारात या नावाची मेथड नाही, आणि स्ट्रिंगला लागू पडेल अशी या नावाची एक्स्टेन्शन मेथडही सापडली नाही. पुढे कंसात एक प्रश्न होता : यूझिंगची ओळ किंवा संदर्भ द्यायचा राहिला आहे काय?

तिने संदेशाचा पहिला भाग वाचला होता, कंसातला प्रश्न वाचला नव्हता. आमच्या विषयातही हेच होते. कोशात शब्द मिळाला नाही की विद्यार्थी ‘असा शब्दच नाही’ म्हणून मोकळे होतात. कोणत्या कोशात पाहिले आणि कोणत्या रूपाखाली पाहिले, हे विचारल्यावर पुन्हा शोधतात. या लेखात मी तीच पद्धत कंपायलरच्या संदेशाला लावून दाखवणार आहे. आम्ही वापरलेली भाषा सी-शार्प आणि चौकट डॉट नेट माउई होती, म्हणून उदाहरणे तिथलीच आहेत. कॉटलिन, स्विफ्ट आणि डार्ट या भाषांतही अशीच सोय आहे. नियमांचे तपशील मात्र वेगळे आहेत.

(छपाईच्या सोयीसाठी प्रोग्राममधले सांकेतिक शब्द देवनागरीत दिले आहेत. संगणकावर ते रोमन लिपीतच टंकावे लागतात. क्लास, मेथड वगैरेंना आपण दिलेली नावे मात्र सी-शार्पमध्ये खरोखरच देवनागरीत लिहिता येतात.)

एक्स्टेन्शन मेथड म्हणजे काय?

संगणकाच्या दृष्टीने मजकूर हा ‘स्ट्रिंग’ या प्रकारचा असतो. स्ट्रिंग हा प्रकार भाषेबरोबर तयार मिळतो. त्याला स्वतःच्या काही कृती येतात : लांबी सांगणे, तुकडे करणे, एखादा भाग आहे का ते पाहणे. या कृतींना मेथड म्हणतात. पण त्याची लांबी आपल्या कामाची नाही. ‘क्षत्रिय’ हा शब्द घ्या. आपण त्यात क्ष, त्रि, य अशी 3 अक्षरे मोजतो. स्ट्रिंगची लांबी 8 येते, कारण क, हलन्तचिन्ह, ष, त, हलन्तचिन्ह, र, ऱ्हस्व इकाराची वेलांटी आणि य ही सगळी चिन्हे तिथे सुटी मोजली जातात. वाचकाला एक दिसणाऱ्या अक्षराची सीमा ठरवणारे युनिकोडचे नियमही आधी जोडाक्षर मध्येच तोडत असत. देवनागरीतले जोडाक्षर न तोडण्याचा नियम 15.1 या आवृत्तीत, म्हणजे 2023 मध्ये आला.

तेव्हा अक्षरे मोजणारी मेथड आपली आपणच लिहायला हवी. युक्ती सोपी आहे. शब्दातली व्यंजने आणि स्वतंत्र स्वर मोजायचे आणि त्यांतून हलन्तचिन्हांची संख्या वजा करायची. ‘क्षत्रिय’मध्ये क, ष, त, र, य अशी 5 व्यंजने आणि 2 हलन्तचिन्हे, म्हणून उत्तर 3. आता अडचण अशी की स्ट्रिंग हा प्रकार बंद आहे. त्याच्या आत जाऊन आपल्याला नवी मेथड घालता येत नाही. यासाठीच 2007 मध्ये सी-शार्पच्या तिसऱ्या आवृत्तीत एक्स्टेन्शन मेथड आली. मेथड लिहायची बाहेर, स्वतंत्र क्लासमध्ये. वापरताना मात्र ती स्ट्रिंगचीच असल्यासारखी शब्दापुढे टिंब देऊन लिहायची :

शब्द.अक्षरसंख्या()

वर्गात समजावताना मला शब्दयोगी अव्ययांचा उपयोग झाला. ‘साठी’, ‘पर्यंत’, ‘पेक्षा’ ही अव्यये ‘घर’ या नामाच्या पोटातली नव्हेत. ती बाहेरून येऊन त्याला जोडून बसतात : घरासाठी, घरापर्यंत, घरापेक्षा. मात्र ती कशीही लागत नाहीत. नामाचे सामान्यरूप व्हावे लागते. एक्स्टेन्शन मेथडलाही जोडून बसण्यासाठी ठरलेली घडण लागते. फरक एवढाच की मराठीत बदल नामात होतो, इथे तो जोडल्या जाणाऱ्या मेथडमध्ये करावा लागतो. ती घडण अशी :

पब्लिक स्टॅटिक क्लास मराठीविस्तार
पब्लिक स्टॅटिक इंट अक्षरसंख्या(धिस स्ट्रिंग शब्द)

यात तीन गोष्टी आवश्यक आहेत. क्लास स्टॅटिक हवा, मेथड स्टॅटिक हवी आणि कंसातल्या पहिल्या घटकाआधी ‘धिस’ हवे. ‘मी या प्रकाराला जोडून बसणार आहे’ असे मेथड ‘धिस’ने जाहीर करते.

कंपायलर शोधतो कसा?

टिंबापुढे नाव दिसले की कंपायलर ठरावीक क्रमाने शोधू लागतो. हा क्रम कळला की निम्मे दोष आपोआप कळतात.

प्रथम तो त्या प्रकाराच्या स्वतःच्या मेथड पाहतो. तिथे नावाने आणि कंसातल्या मजकुराने जुळणारी मेथड मिळाली, की शोध संपला. ती मिळाली नाही तरच तो एक्स्टेन्शनकडे वळतो. तिथे तो आतून बाहेर जातो. आपला कोड ज्या नेमस्पेसमध्ये आहे ती आधी, मग तिला वेढणारी, आणि या प्रत्येक पायरीवर ‘यूझिंग’ने आणलेल्या नेमस्पेस. नेमस्पेस म्हणजे नावांचे घराणे म्हणा. आमच्या प्रकल्पात ‘वृत्त’ हे घराणे आणि ‘वृत्त.साधने’ ही त्याची एक शाखा होती.

यात एक महत्त्वाची गोष्ट आहे. कंपायलर सगळ्या जगात शोधत नाही. प्रकल्पातल्या सगळ्या फायलींतही शोधत नाही. आपण ज्या घराण्यांची ओळख करून दिली, त्यांतच तो पाहतो. म्हणून त्याचे ‘सापडत नाही’ हे विधान त्याच्या शोधक्षेत्रापुरते खरे असते.

न सापडण्याची नेहमीची कारणे

विद्यार्थ्यांबरोबर बसून आम्ही पुढील कारणे एकेक करून मुद्दाम घडवून पाहिली. संदेशांचे क्रमांक सोबत दिले आहेत, कारण नेमका क्रमांक वाचल्याने पुष्कळ वेळ वाचतो.

1. यूझिंगची ओळ नाही. हे सर्वांत सामान्य कारण. संदेश सीएस 1061. इथे एक बारकावा लक्षात ठेवावा : ‘यूझिंग वृत्त’ असे लिहिल्याने ‘वृत्त.साधने’ येत नाही. घराण्याची ओळख दिली म्हणून शाखेची होत नाही. उलट ‘वृत्त.साधने.चाचणी’ या नेमस्पेसमधल्या कोडला वरची दोन्ही न सांगता दिसतात. त्यामुळे एका फायलीत मेथड सापडते आणि शेजारच्या फायलीत सापडत नाही, असा चमत्कार दिसतो.

2. फाइल दुसऱ्या प्रकल्पात नेली. सी-शार्प 10 पासून, म्हणजे 2021 पासून, काही यूझिंग संपूर्ण प्रकल्पासाठी एकदाच सांगता येतात, आणि नवे प्रकल्प त्यांतली बरीच न लिहिता गृहीत धरतात. माउईचा प्रकल्पही तसेच करतो. तिथली फाइल उचलून ही सोय नसलेल्या प्रकल्पात ठेवली की कालपर्यंत चालणारा कोड आज अडतो. फायलीत काहीच बदललेले नसते. बदललेला असतो शेजार.

3. पॅकेज किंवा संदर्भ जोडलेला नाही. माउईचे ॲप सुरू होते तिथली साखळीच एक्स्टेन्शन मेथडची आहे. मराठीसाठी वेगळा टंक जोडायचा, तर तो ‘कॉन्फिगरफॉन्ट्स’ या एक्स्टेन्शननेच नोंदवतात. त्या साखळीत माउई कम्युनिटी टूलकिटची ओळ पुष्कळ जण उदाहरणातून उतरवून घेतात. मग पॅकेज बसवायचे राहते, किंवा पॅकेज बसते आणि यूझिंग राहते. या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. पॅकेजने पुस्तक कपाटात येते. यूझिंगने ते टेबलावर येते.

4. क्लास पब्लिक नाही. पब्लिक हा शब्द न लिहिता क्लास लिहिला, तर तो ‘इंटर्नल’ मानला जातो, म्हणजे त्याच प्रकल्पापुरता. मराठीची साधने एका प्रकल्पात आणि ॲप दुसऱ्यात अशी मांडणी असेल, तर बाहेरून ती मेथड दिसत नाही.

5. घडण चुकली. क्लास स्टॅटिक नसेल तर सीएस 1106, मेथड स्टॅटिक नसेल तर सीएस 1105. हे संदेश मेथड जिथे लिहिली तिथेच येतात, म्हणून सोपे. ‘धिस’ विसरले, तर मात्र लिहिल्या जागी काहीच तक्रार नसते, कारण साधी स्टॅटिक मेथड म्हणून ती निर्दोष असते. तक्रार वापरण्याच्या जागी येते आणि विद्यार्थी तिथेच शोधत बसतात.

6. प्रकार जुळत नाही. मेथड एका शब्दासाठी लिहिली आणि शब्दांच्या यादीवर वापरली. अशा वेळी बहुधा सीएस 1929 येतो. त्याचा अर्थ : नाव सापडले, पण ते दुसऱ्या प्रकाराला लागते. हा संदेश 1061 पेक्षा बराच आशादायक आहे. संख्यांच्या बाबतीतही सांभाळावे लागते. लाँग या प्रकारासाठी लिहिलेली एक्स्टेन्शन इंटला लागत नाही, जरी एरवी इंटचे लाँग आपोआप होत असले तरी.

7. ‘धिस’शिवाय हाक मारली. आपण एखाद्या पानाच्या क्लासमध्ये आहोत आणि त्याच पानासाठी लिहिलेली एक्स्टेन्शन वापरायची आहे. नुसते मेथडचे नाव लिहून चालत नाही. आधी धिस आणि टिंब लिहावे लागते. जोडून बसायला समोर काही तरी हवे.

8. एकाच नावाच्या दोन मेथड. दोन घराण्यांतून सारख्याच मेथड आल्या तर सीएस 0121. इथे कंपायलरला सापडत नाही असे नसून एकापेक्षा जास्त सापडतात.

दोष असून संदेश नाही

याहून त्रासदायक दोन प्रकार आहेत. त्यांत तांबडी रेघ येत नाही.

पहिला : प्रकाराची स्वतःची मेथड नेहमी जिंकते. आमच्यातल्या एकाने स्ट्रिंगसाठी ‘कंटेन्स’ नावाची एक्स्टेन्शन लिहिली. मराठी शब्द आपल्या नियमाने जुळवून पाहावेत हा हेतू. पण स्ट्रिंगची स्वतःची कंटेन्स आधीपासून आहे. कंपायलरने दर वेळी तीच घेतली. नव्या मेथडची एकही ओळ कधी चालली नाही आणि कोणी तक्रारही केली नाही. घरच्या नावावर बाहेरचे नाव ठेवू नये, हा त्यातला धडा.

दुसरा : ज्याचा प्रकार ‘डायनॅमिक’ आहे त्यावर एक्स्टेन्शन वापरली, तर कंपायलर मुकाट्याने पुढे जातो आणि ॲप चालू असताना ते तुटते. एक्स्टेन्शनची निवड कोड तपासतानाच होते. चालू प्रोग्राममध्ये तिचा शोध होत नाही.

निदानाची एक चाचणी

एवढी कारणे पाठ करण्यापेक्षा एक चाचणी लक्षात ठेवावी. एक्स्टेन्शन मेथड ही मुळात साधी स्टॅटिक मेथडच असते. म्हणून ती पूर्ण पत्त्यानिशी, जोडून न बसवता, लिहून पाहावी :

वृत्त.साधने.मराठीविस्तार.अक्षरसंख्या(शब्द)

हे चालले, तर मेथड आहे, दिसते आहे. कमतरता यूझिंगची किंवा ‘धिस’ची आहे. क्लासच सापडला नाही, तर संदर्भ, पॅकेज किंवा नेमस्पेसचे नाव तपासावे. ‘संरक्षणामुळे पोहोचता येत नाही’ अशा अर्थाचा सीएस 0122 आला, तर पब्लिक राहिले आहे. आणि सीएस 0117 आला, तर क्लास सापडला, पण त्यात या नावाची मेथड नाही. ही चौथी शक्यता आमच्या वाट्याला आली.

आमचा दोष : एक ‘ऱ’, तीन लेखने

आता त्या दुपारकडे परत येते. न सापडणाऱ्या मेथडचे नाव ‘ऱ्ययुक्त’ असे होते. ते का हवे होते, हे छंदःशास्त्र शिकवणाऱ्यांना सांगावे लागणार नाही. जोडाक्षराआधीचे ऱ्हस्व अक्षर त्यावर आघात येत असेल तर गुरू होते. ‘दर्या’ म्हणजे समुद्र : ‘द’वर आघात येतो, म्हणून दोन गुरू, 4 मात्रा. ‘दऱ्या’ म्हणजे दरीचे अनेकवचन : इथे आघात नाही, ‘द’ लघूच राहतो, म्हणून 3 मात्रा. हा भेद ॲपला कळावा यासाठी शब्दात ‘ऱ्य’ किंवा ‘ऱ्ह’ आहे का, हे पाहणारी ती मेथड होती.

विद्यार्थिनीचे म्हणणे असे होते की मराठी नावे कंपायलरला चालत नाहीत. मी विचारले, “अक्षरसंख्या सापडते का?” सापडत होती. ती त्याच क्लासमध्ये होती. म्हणजे यूझिंग होते, क्लास पब्लिक होता आणि देवनागरीही चालत होती. आठपैकी बहुतेक कारणे या एका उत्तराने बाद झाली. पूर्ण पत्त्याने लिहून पाहिले तर 0117 आला : क्लास आहे, हे नाव त्यात नाही. नाव तर डोळ्यांसमोर दिसत होते.

मग ती म्हणाली, “गंमत म्हणजे टिंब दिल्यावर जी यादी येते, तिच्यातून निवडलं की चालतं. हातानं टंकलं की नाही.” दोष इथेच उघडा पडला. दिसायला नावे एक होती, पण टंकायला दोन होती.

क्लास लिहिणारा विद्यार्थी इनस्क्रिप्ट कळफलक वापरत होता. त्याने ‘ऱ’ हे एकच चिन्ह टंकले होते. युनिकोडमध्ये त्याचा क्रमांक 0931. या विद्यार्थिनीचे सगळे शिक्षण हिंदी माध्यमातले. ड आणि ढ खाली नुक्ता द्यायची सवय हाताला असल्याने तिने ‘र’ टंकून त्याखाली नुक्ता दिला होता. क्रमांक 0930 आणि 093सी. युनिकोडच्या लेखी ही दोन्ही रूपे समतुल्य आहेत आणि बहुतेक टंकांत ती सारखीच उमटतात. पण आमच्या कंपायलरने नावे चिन्हाला चिन्ह लावून पडताळली, आणि त्याच्या दृष्टीने ती दोन वेगळी नावे होती. सी-शार्पच्या नियमावलीत नावे युनिकोडच्या सामान्यीकृत रूपात, म्हणजे ‘सी’ नावाच्या रूपात असावीत असे म्हटले आहे. त्या रूपात ‘र’ आणि नुक्ता एकत्र येऊन 0931 होतो. नियम आमच्या बाजूने मोडला होता.

हे कळल्यावर मी शब्दांची यादी पाहायला मागितली, कारण ‘ऱ्य’ लिहायची तिसरी रीतही आहे : र, हलन्तचिन्ह आणि त्यापुढे न दिसणारे जोडचिन्ह, क्रमांक 200डी. यादी टंकणाऱ्या तिसऱ्या विद्यार्थ्याने नेमकी तीच वापरली होती. कंपायलर नावांमधली अशी अदृश्य चिन्हे सोडून देतो. त्यामुळे या तिसऱ्या रीतीने ‘दऱ्या’ हे एका चलाचे नाव ठेवले आणि शेजारी ‘दर्या’ हे दुसऱ्याचे, तर कंपायलर म्हणतो की हे नाव आधीच घेतले आहे. समुद्र आणि दऱ्या त्याला एकच. पहिल्या दोन रीतींत त्याने एकाची दोन नावे मानली. तिसरीत दोहोंचे एक मानले.

नावांतली चूक निदान तांबड्या रेघेने कळली. यादीतली चूक कळलीच नसती. तिथे ‘ऱ्ययुक्त’ फक्त 0931 शोधत होती. बाकी दोन रीतींनी लिहिलेले ‘दऱ्या’, ‘पुऱ्या’, ‘कुऱ्हाड’ हे शब्द तिला दिसलेच नसते, आघात गृहीत धरला गेला असता आणि प्रत्येकात एक मात्रा जास्त मोजली गेली असती. विद्यार्थ्याने ती चूक पडद्यावर पाहून वृत्ताचा नियमच चुकीचा शिकला असता.

आम्ही काय ठरवले

मराठी नावे काढून टाकावीत असा सल्ला आम्हाला एका जाणकारानेही दिला होता, आणि त्यात तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. प्रोग्रामच्या जगात इंग्रजी नावांचा प्रघात आहे. अनेक भाषांच्या लोकांना एकत्र काम करायचे तर तो सोयीचाही आहे. म्हणून सर्वसामान्य कामांची नावे आम्ही इंग्रजीतच ठेवली. पण लघु, गुरू, गण, यती, आघात या संज्ञांना इंग्रजी नावे देताना अर्थ निसटत होता. गुरूला ‘लाँग’ म्हटले की ‘दर्या’तला ‘द’ गुरू का, हे विद्यार्थ्याला कळेना; तो तर ऱ्हस्व आहे. या संज्ञा मराठीतच ठेवल्या.

नियम तीन केले. नावांत ‘ऱ’ असेल तर ते 0931 नेच लिहायचे. शंका आल्यास बहुतेक संपादकांत बॅकस्पेसने चिन्हे एकेक खोडत यावे. ‘ऱ’च्या जागी मागे ‘र’ उरला, तर तिथे नुक्ता होता. दुसरा नियम : ॲपमध्ये येणारा प्रत्येक शब्द, मग तो यादीतला असो वा वापरणाऱ्याने टंकलेला, आधी एका रूपात आणायचा. स्ट्रिंगची ‘नॉर्मलाइझ’ ही मेथड नुक्त्याचे रूप 0931 मध्ये आणते. जोडचिन्हाच्या रीतीला ती हात लावत नाही. म्हणून तो बदल वेगळा करावा लागतो, आणि तो करणारी एक छोटी एक्स्टेन्शन त्या विद्यार्थिनीनेच लिहिली. तिसरा : संदेश आला की आधी त्याचा क्रमांक वहीत लिहायचा, मग बदल करायचा.

या सगळ्यात संगणकशास्त्र विद्यार्थ्यांना माझ्यापेक्षा नक्कीच जास्त येत होते. ‘ऱ’ आणि ‘र्’ यांचा भेद मात्र त्यांना ठाऊक नव्हता. महाराष्ट्राबाहेर, हिंदी वातावरणात वाढलेल्या आपल्या मुलांना देवनागरी येते, पण मराठीचे ‘ळ’ आणि ‘ऱ’ हातात बसलेले नसतात. उद्या मराठीचे कोश, शब्दसूची, परीक्षेची ॲप हीच मुले करणार आहेत. ती करताना शेजारी मराठीचा शिक्षक बसलेला असावा, एवढ्यासाठी हा लेख इथे लिहिला.

अभ्यासासाठी

1. ‘विस्तार’, ‘अर्थात्’, ‘कुऱ्हाड’ या शब्दांतील अक्षरसंख्या वर दिलेल्या युक्तीने काढा. ‘अर्थात्’मधील शेवटचा ‘त्’ वेगळा का मोजला जात नाही?

2. एका क्लासमधल्या दोन एक्स्टेन्शन मेथडपैकी एक सापडते, दुसरी सापडत नाही. यूझिंग तपासण्यात अर्थ आहे का? कारण सांगा. दुसऱ्या मेथडबद्दल कोणत्या तीन गोष्टी तपासाल?

3. वापरण्याच्या जागी 1061 आला आहे. पूर्ण पत्त्याने हाक मारल्यावर मेथड चालते. यूझिंगची ओळही आहे. काय विसरले असेल?

4. ‘आचार्यास’ आणि ‘आचाऱ्यास’ हे शब्द तीन रीतींनी टंकून त्यांची स्ट्रिंगची लांबी पाहा. ‘नॉर्मलाइझ’नंतर कोणती बदलते आणि कोणती तशीच राहते?

5. आपल्या घरी बोलल्या जाणाऱ्या मराठीतले ‘ऱ्य’ आणि ‘ऱ्ह’ असलेले दहा शब्द जमवा. त्यांचा मोठ्याने उच्चार करून आधीच्या अक्षरावर आघात येतो का, ते नोंदवा.